अर्जाचा हिवाळा

नालवाडीच्या चौकात तुरीच्या ओल्या शेंगा दिसायला लागल्या की माझा हिवाळा सुरू होतो. कॅलेंडर काय म्हणतं, स्वेटर कपाटातून बाहेर आला की नाही, याच्याशी मला काही घेणंदेणं नाही. बाई पोतं अंथरून बसते, शेंगांचा हिरवा ढीग लावते, त्यावर पाण्याचा हात फिरवते आणि म्हणते, "घेऊन जा जी, सोले चांगले निघतीन." सोले म्हणजे शेंगांतले कोवळे दाणे. आमच्याकडे वांग्यात सोले, भातात सोले, ठेचून आमटीत सोले. आणि काहीच करायचा कंटाळा आला, तर अख्ख्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायच्या, ताटात ओतायच्या आणि गप्पा मारत बसायचं.

आज गप्पा मारायला घरात कोणी नाही. वनिता, माझी बायको, दोन दिवसांसाठी तळेगावला गेली आहे. तिथल्या उपकेंद्रात तिची नर्सची नोकरी झाली, निघायच्या आधी तिथल्या बायांना भेटून येते म्हणाली. जाताना शेंगांची पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि एवढंच सांगितलं, "सोलून ठेवजा." मी कृषी सहायक होतो. तुरीचं वाण कोणतं घ्यावं, दोन ओळींत अंतर किती ठेवावं, अळी कोणत्या दिवसांत पडते, हे सगळं मी शेतकऱ्यांना उभा जन्म सांगत आलो. पण शेंग हातात धरून सोलायची वेळ माझ्यावर गेल्या हिवाळ्यापर्यंत आली नव्हती. शिवणीवर नख लावायचं, दाबायचं, अंगठा सरकवायचा. दहा मिनिटांत नख हिरवं होतं आणि तासाभरात काळं. मधूनच एखाद्या शेंगेत अळी निघते. ती निघाली की मला बरं वाटतं, त्या आठवड्यात फवारा मारलेला नसतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या घरात शेंगांच्या टरफलांइतकेच कागद पसरलेले असायचे. आम्ही दोघं साठीच्या आसपासची माणसं परदेशात सेवाभावी कामाला जायचा अर्ज भरत होतो.

हे कसं झालं ते सांगायला हवं. आमची दोघांची नोकरी एकाच जिल्ह्यात, पण दोन टोकांना. मी समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या बाजूला, ती आष्टी तालुक्यात तळेगावला. शनिवारी संध्याकाळी नालवाडीच्या घरी भेटायचं आणि सोमवारी सकाळी दोन दिशांच्या दोन एसट्या पकडायच्या. लोक म्हणायचे, तुमचं भांडण होत नसेल. खरंच होत नसे, भांडायला लागतो तेवढा वेळच मिळत नव्हता. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा आम्ही सलग एका छताखाली राहायला लागलो, आणि मला कळलं की ही बाई सकाळी उठल्यावर अर्धा तास कोणाशी बोलत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ही माहिती मिळत होती.

अशाच एका सकाळी, तो अर्धा तास संपल्यावर, तिनं पेपरातून कापलेली एक चौकट माझ्यापुढे ठेवली. आफ्रिकेतल्या एका देशात दोन वर्षं राहून काम करायला एका सेवाभावी संस्थेला अनुभवी माणसं हवी होती. निवृत्त चालतील, जोडपी चालतील.

"मले जायचं आहे," ती म्हणाली.

"कुठं?"

"मलावी म्हून देश आहे. लेकरं लय दगावतात तिथं अजून. वजन कराले, बाईले येळेवर हलवाले मानूस नाई."

मी चहा पीत होतो. म्हटलं, "मग मीही भरतो अर्ज. जोडीनं जाऊ." तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली. पुढे कुठंतरी वाचलं की मलावीत तूर पिकते, भरपूर पिकते. मग काय, मला वाटायला लागलं की ती चौकट मुळात माझ्यासाठीच छापली होती.

अर्ज आषाढात उघडला आणि दिवाळी झाली तरी मिटेना. आमची मुलगी प्राची पुण्याला नोकरी करते. तिनं तिचा जुना लॅपटॉप दिला आणि फोनवरून मला ओळ न् ओळ शिकवली. शाळा सोडल्याचा दाखला, रक्त, छाती, दात, लशी, ओळखीच्या दोन माणसांची शिफारस. पोलिसांचा दाखला लागला, तेव्हा एक हवालदार चौकशीला घरी आला. तो गेल्यावर शेजारच्या बाई कुंपणापाशी येऊन दबक्या आवाजात विचारत्या झाल्या, "काय केलं जी साहेबानं?" वनितानं मोठ्या गंभीरपणे सांगितलं, "चौकशी सुरू आहे." त्यानंतर आठ दिवस त्या बाई माझ्याशी फार आदरानं बोलत होत्या.

मग संस्थेला लग्नाचा दाखला हवा झाला. आमचं लग्न तिच्या गावच्या शाळेच्या पटांगणात झालं. सारं गाव जेवून गेलं, कागद मात्र एकही झाला नाही. आता नोंदणी करायची तर लग्नाला हजर असलेले साक्षीदार आणा, असं नोंदणी कार्यालयात म्हणाले. हजर असलेल्यांपैकी निम्मे आता या जगातच हजर नव्हते. शेवटी तिचा धाकटा भाऊ, माझा एक मित्र आणि लग्नाचा मंडप ज्यानं घातला तो माणूस, असे तिघं गोळा केले. मंडपवाला हरखून गेला होता. आपण घातलेल्या मंडपातलं जोडपं अजून टिकून आहे याचं त्याला कौतुक वाटत होतं. कार्यालयातली मुलगी म्हणाली, "काकाजी, लग्नपत्रिका आहे काय?" ती वनिताच्या ट्रंकेत निघाली. सह्यांची वेळ आली तेव्हा मी दोन सेकंदांत सही ठोकली. वनितानं कागद हातात घेतला आणि वरून खालपर्यंत वाचायला सुरुवात केली. पान उलटवून मागची बाजूसुद्धा पाहिली.

मी म्हटलं, "अगं, लग्नाचाच आहे."

"वाचू तं द्या," ती म्हणाली.

मुलगी हसली, मंडपवाला हसला, मीही हसलो. वनिता वाचत राहिली, आणि पूर्ण वाचून झाल्यावर तिनं सही केली.

आमची खरी फजिती अर्जाच्या शेवटच्या भागात झाली. सरकारी नोकरीत माणूस एक गोष्ट पक्की शिकतो, रकाना रिकामा सोडायचा नाही. चुकीचं लिहिलं तर चौकशी लागते, रिकामं सोडलं तर कागद परत येतो. म्हणून आमच्याकडे एक फार गुणी शब्द आहे, निरंक. महिन्याचा अहवाल असो की पंचनामा, जिथं सांगण्यासारखं काही नाही किंवा सांगायची इच्छा नाही तिथं निरंक लिहायचं. वरचा साहेब निश्चिंत, खालचा निश्चिंत. मी गावंच्या गावं निरंक करून निवृत्त झालो, आणि तिचीही रजिस्टरं काही वेगळी नसणार.

तर त्या शेवटच्या भागात नऊ प्रश्न होते. तुम्हाला अपयश कधी आलं? जोडीदाराशी मतभेद झाले तेव्हा तुम्ही काय केलंत? तुमच्या एखाद्या निर्णयानं दुसऱ्याचं नुकसान झालं का? मी नऊच्या नऊ ठिकाणी इंग्रजीत 'निल' लिहिलं. माझं इंग्रजी जरा बरं म्हणून तिचाही अर्ज मीच भरत होतो, तर तिच्याही नऊ ठिकाणी तेच लिहिलं. वनिता तेव्हा स्वयंपाकघरात सोले ठेचत होती. तिला हाक मारून विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

आठ दिवसांत अर्ज परत आला. त्या संस्थेच्या बंगळूरच्या कार्यालयात एक बाई होत्या, त्यांनी सोबत पत्र जोडलं होतं. अठरा उत्तरं सारखीच पाहून आम्ही जरा बुचकळ्यात पडलो, असं त्यांनी लिहिलं होतं. आम्हाला चुका न केलेली माणसं नकोत, परक्या मुलखात दोन वर्षं एकमेकांसोबत टिकतील अशी हवीत. तेव्हा दोघांनी वेगवेगळं बसून, आपापल्या हातानं, हव्या त्या भाषेत लिहावं आणि एकमेकांचं वाचू नये.

मी ते पत्र वनिताला मराठीत वाचून दाखवलं. ती पदर डोळ्यांना लावून हसली. "तुमी माह्याही नावावर निरंक मारलं?" ती म्हणाली. मग हसणं ओसरलं आणि ती काही वेळ लॅपटॉपच्या काळ्या झालेल्या पडद्याकडे पाहत राहिली.

मार्गशीर्षातले ते चार दिवस मला फार स्पष्ट आठवतात. ती स्वयंपाकघरात चटईवर बसायची, रेघांची वही मांडीवर. मी पुढच्या खोलीत टेबलाशी. मधल्या दारातून तिच्या बॉलपेनाचा आवाज यायचा, उकडलेल्या शेंगांचा वास यायचा, आणि कधीकधी आवाज थांबायचा. थांबला की मी कान द्यायचो. काय लिहीत असेल? आपल्याबद्दल लिहीत असेल का? परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावणाऱ्या पोरासारखी माझी गत झाली होती. वाचायचं नाही असा नियम असल्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मनात काय असेल याचा विचार करत बसलो होतो, हे कबूल करायला आता लाज वाटते.

माझ्यापुढे प्रश्न होता तिसरा. तुमच्या निर्णयानं कोणाचं नुकसान झालं का?

उत्तर मला ठाऊक होतं. प्राची चार वर्षांची असताना वनिताचं नाव स्टाफ नर्सच्या कोर्सच्या यादीत लागलं होतं. नोकरीत राहून तीन वर्षं नागपूरला शिकायचं. ती उपकेंद्राची नर्स होती, दीड वर्षाचा कोर्स केलेली. हा मोठा कोर्स झाला असता तर ती दवाखान्यात सिस्टर झाली असती, पुढे मेट्रनही. शनिवारी ती घरी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फार वेळा पाहिलं नाही. प्राची तिच्याजवळ तळेगावला असायची. ती नागपूरला गेली असती तर पोर तीन वर्षं माझ्याकडे, गिरडला राहिली असती. मी लोकांना सांगताना लेकीच्या भवितव्याचं नाव पुढे केलं. खरा प्रश्न फार छोटा होता. सकाळी त्या पोरीची वेणी कोण घालणार, डबा कोण करणार, आणि मी शेतावर फिरतीला गेलो तर तिला कोण सांभाळणार, एवढाच.

पुढच्या शनिवारी मी नकाराचा अर्ज स्वच्छ अक्षरात लिहूनच घरी गेलो. घरगुती अडचणीमुळे कोर्सला जाणे शक्य नाही, तरी नाव वगळावे ही विनंती. ती भाकऱ्या थापत होती. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, "इथं सही कर." तिनं परातीतले हात फडक्याला पुसले, सही केली, आणि पुन्हा थापायला बसली. कागद वाचला नाही. वाचायची गरज नव्हती, माझ्या चेहऱ्यावर तो लिहिलेला होता. तेव्हा भांडण झालं नाही, नंतरही कधी विषय निघाला नाही. म्हणूनच मतभेदाच्या रकान्यात मी निरंक लिहिलं होतं, आणि माझ्या हिशेबानं ते खोटंही नव्हतं.

हे सगळं मी त्या चार दिवसांत लिहिलं, वेणीसकट. लिहून पाठवलं तेव्हा इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी फिरायला गेलो आणि दोन फेऱ्या जास्त मारल्या.

पौषात मुलाखत झाली, लॅपटॉपवरच. ती मोरपंखी साडी नेसून बसली, मी कोट घातला. पडद्यावर त्या बंगळूरच्या बाई आणि एक गृहस्थ होते. बोलणं हिंदीत झालं. आमच्या भागात हिंदी घरचीच असते, त्यामुळे वनिता अजिबात बुजली नाही. तिनं एक प्रसंग सांगितला. वेचणीचे दिवस, शेतात बाया कापूस वेचत होत्या, त्यातल्या एकीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. वनिता सायकलवर पोचली तेव्हा रस्त्यापर्यंत न्यायलाही वेळ उरला नव्हता. बायांनी लुगड्यांचा आडोसा धरला. पोर झालं, दुपार असूनही वारा गार होता, आणि वजन हाताला इतकं कमी लागत होतं की वनिता घाबरली. तिनं ते पोर आधी आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरायला लावलं आणि दोघांवर त्या दिवशीचा सगळा वेचलेला कापूस रचला. गाडी येईपर्यंत माय-लेकरू त्या कापसात होती. "अब वो लड़की बारहवीं में है," तिनं सांगितलं. पडद्यावरची दोन्ही माणसं पुढे झुकून ऐकत होती. मीही ऐकत होतो. ही गोष्ट मला माहीत नव्हती. शनिवारी घरी आल्यावर तिनं सांगितली असेल आणि मी ऐकली नसेल, असंही होऊ शकतं.

मग त्या गृहस्थांनी विचारलं, इतकं काम केलंत तर पुढचा कोर्स का केला नाही?

मी सगळं लिहून दिलेलं होतं. त्यांच्यापुढे ते कागद असणारच. मी तोंड उघडून म्हणू शकलो असतो की मी जाऊ दिलं नाही. माझी नजर लॅपटॉपच्या बटणांवर खिळली. वनिता शांतपणे म्हणाली, "उस साल जमा नहीं." आणि गृहस्थांनी पुढचा प्रश्न घेतला.

माघात निकाल आला. ईमेल माझ्या नावानं होता, कारण पत्ता माझाच दिलेला. तुरीच्या कामासाठी माझी निवड झाली होती. पत्नीचा अनुभव मोलाचा आहे, पण नर्सच्या पदाला तीन वर्षांची पदविका अनिवार्य असल्यानं त्यांना ते पद देता येत नाही. त्या 'सोबत येणारी व्यक्ती' म्हणून येऊ शकतील. पंधरा दिवसांत कळवावं.

मी ते दोनदा वाचलं. जिनं चौकट कापून ठेवली तिला जागा नव्हती, आणि जो मागून चढला त्याला खिडकीची सीट मिळाली होती. तिला जी पदविका नव्हती ती कोणामुळे नव्हती हे मला सांगायला कोणी लागत नव्हतं. आता चूक दुरुस्त करायची संधी आली आहे असं मला वाटलं आणि मी दहा मिनिटांत उत्तर टाइप केलं. आभारी आहे, पण पत्नीला जागा नसेल तर मलाही नको, माझं नाव वगळावं. बटण दाबलं. मान ताठ झाली.

वनिता अंगणात उन्हाला बसून शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर बाजेवर बसलो आणि सगळं सांगितलं. निकाल सांगितला, पदविकेचं सांगितलं, माझं उत्तर सांगितलं. आणि शाबासकीची वाट पाहत बसलो. ती पाणावलेल्या डोळ्यांनी पाहील, निदान "काऊन असं केलं, जायचं नं" असं तरी म्हणेल, असं मी धरून चाललो होतो.

तिचे हात थांबले. "उत्तर देल्लं बी?"

"हो. आत्ताच. तुझ्याशिवाय मी कसा जाणार?"

"मले विचारलं काय?"

"अगं, तुझ्यासाठीच तर..."

"तवा बी माह्यासाठीच होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तवा बी लिहूनच आनलं होतं. सही कर म्हनलं. आता तं सहीही नाई मांगितली."

मी म्हटलं, "ते मला कळलंय, वनिता. मी त्यांना लिहून दिलंय सगळं. माझी चूक होती म्हणून."

"त्याईले लिहिलं," ती म्हणाली. "मले कधी म्हनलं?"

अंगणात उन्हाचा पट्टा सरकत होता. तिनं सुपातले सोले एकीकडे केले, टरफलं एकीकडे केली आणि आत गेली. मी जे प्रायश्चित्त समजून केलं होतं, ते त्याच जुन्या चुकीची दुसरी प्रत होती. अक्षरसुद्धा माझंच. हे कळायला मला त्या बाजेवर बराच वेळ बसावं लागलं, आणि कळलं तेव्हा खूप रडू आलं.

मी आत जाऊन तिला म्हटलं, "चुकलं माझं. तेव्हाही आणि आताही." एवढं बोलायला मला जन्म लागला होता. ती भांडी लावत होती. "हाओ," ती म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मी तसं म्हणायला लावलं नाही, एवढी अक्कल तोवर आली होती.

नंतरचे आठ दिवस घर नेहमीसारखंच चाललं. जेवणात मीठ बरोबर, चहा वेळेवर. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं, रागाला काही तरी उत्तर देता येतं. ती विचार करत होती. दुपारी लांब चालायला जायची, गल्लीतल्या अंगणवाडीत बसून यायची, आल्यावर हातपाय धुऊन खिडकीशी बसायची. मला दहादा वाटलं, प्राचीला सांगून संस्थेशी बोलावं, काहीतरी जुळवावं. दहादा फोन हातात घेतला आणि दहादा ठेवला. न विचारता काही करायचं नाही हा नियम पाळणं फार अवघड असतं. उपासाच्या दिवशी जसं सगळं घर खाण्याच्या वासानं भरलेलं वाटतं, तसं मला जिकडे तिकडे तिच्या वतीनं ठरवण्यासारखं काहीतरी दिसत होतं.

नवव्या दिवशी तिनं लॅपटॉप मागितला. टेबलाशी बसली, चष्मा लावला आणि एका बोटानं मराठीत लिहायला लागली. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, वर पाहायचं. मी मागे उभा राहिलो. जोडाक्षर कसं काढायचं ते तिला सापडेना, माझा हात आपोआप पुढे गेला.

"तुमी शेंगा सोला," ती म्हणाली.

मी अंगणात जाऊन बसलो. आयुष्यातल्या पहिल्या शेरभर शेंगा मी त्या दुपारी सोलल्या, निम्मे दाणे मातीत सांडले. आतून टकटक येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा ती दारात आली आणि म्हणाली, "पाठोलं." काय लिहिलं ते मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं. माझ्याजवळ कोर्सचा कागद नाही, काम येतं. कोणाच्या सोबतीनं फिरायला मी येणार नाही. कामाला माणूस लागत असेल तर सांगा, नसेल तर इथं नालवाडीत मला काम आहे. शेवटी तिनं लिहिलं होतं की ही चिठ्ठी मी स्वतः लिहिली आहे.

त्यांचं उत्तर फाल्गुनात आलं. शेतांच्या बांधांवर पळस फुलला होता आणि बाजारातल्या शेंगा वाळून तडकायला लागल्या होत्या. उत्तर दोन भागांत होतं. माझी जागा मी नको म्हटल्यावर यादीतल्या पुढच्या माणसाला दिली गेली होती. ते वाचताना मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. मलावीतली तूर पाहायची मला खरंच फार हौस होती. दुसरा भाग वनिताला होता. त्याच जिल्ह्यात गावोगावच्या बायकांना शिकवायला माणूस हवं होतं, बाळाचं वजन घ्यायचं, धोका ओळखायचा, बाळंतिणीला वेळेत हलवायचं. त्याला पदविका लागत नव्हती, गावात काढलेली वर्षं लागत होती. तिची तयारी असेल तर नवा अर्ज भरावा, तिच्या एकटीच्या नावानं.

या खेपेला तिनं तो छापून आणवला. टेबलाशी बसून ती पेनानं एकेक रकाना भरत होती आणि मी समोर, हात मांडीखाली दाबून. नाव, जन्मतारीख, नोकरीची वर्षं. एकदाही तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कठीण प्रश्न आले तिथंही थांबली नाही, त्यांची उत्तरं तिच्याजवळ तयार होती. शेवटच्या पानावर एक चौकट होती. तुमच्यासोबत कोणी येणार आहे का? येणार असल्यास त्या व्यक्तीला तिथं ठरलेलं काम किंवा पद असणार नाही, याची तिला कल्पना आहे का?

त्या चौकटीवर तिचं पेन थांबलं. मी भिंतीकडे पाहत होतो. ती 'हो' लिहील याची मला खात्री होती, मी 'हो'च लिहिलं असतं. तिनं पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमी येता काय?"

मी तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "घाई करू नका. यायचं नसन तं तसं सांगा. मी एकटी जाईन, मले चालते."

आणि मग ती थांबली. हात टेबलावर, नजर माझ्या चेहऱ्यावर. उत्तर तिला ठाऊक नव्हतं आणि ते मी द्यावं म्हणून ती खरोखर वाट पाहत होती. माझं 'येतो' हे उत्तर तर केव्हाच ठरलेलं होतं. तरी मी थोडा वेळ गप्पच राहिलो. असं कोणी आपल्याला विचारावं आणि आपल्यासाठी थांबावं, हे किती चांगलं असतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं.